जाणारं पातं

१

त्या रविवारी काही विशेष घडलं नाही, असं लिसबेट पुढे बरेच दिवस स्वतःला बजावत राहिली. कॉफी झाली, बटाटे सोलून झाले, बाप-लेकीत थोडी बोलाचाली झाली. चक्कीवरच्या घरात रविवार असाच जायचा.

योखेम कोइमान आपल्या खुर्चीत बसला होता. खुर्ची नेहमीच्याच जागी होती. उजवी बाजू खिडकीकडे, म्हणजे पवनचक्कीच्या पात्यांचा आवाज कानावर पडावा. डावी बाजू दाराकडे. जन्मभर लाकडी दातेरी चाकांशेजारी काढल्यामुळे डावा कान ठार गेला होता. उजवा त्याच्या मर्जीप्रमाणे चालायचा.

"बाबा, मी लग्न करतेय."

"काय करतेस?"

"लग्न!"

"ओरडू नकोस. कालव्यापलीकडे तुझ्या नेलामावशीला ऐकू जाईल."

"ऐकू दे की. चोरी थोडीच आहे?"

योखेम हसला. लेक तिशी ओलांडून गेलेली, शहरात ग्रंथालयात नोकरी करणारी, पुस्तकांतच जन्म काढणार असं सगळ्या गावाने ठरवून टाकलेली. "नाव काय त्याचं?"

"लांबर्ट. शाळेत भूगोल शिकवतो."

"कुठला?"

लिसबेटने बशीतला चमचा उगाच सरळ केला. "ब्राबंटचा."

योखेमचा हसरा चेहरा हळूहळू मिटला. नद्यांच्या दक्षिणेकडचा माणूस म्हटल्यावर पुढचं विचारावं लागत नसे. नोर्डेरवाल गावात कॅथलिकांचा पाववाला वेगळा, शाळा वेगळी, कबरस्तानसुद्धा वेगळं. योखेमने उभ्या आयुष्यात त्यांच्याकडून पावाचा तुकडा विकत घेतला नव्हता.

"म्हणजे पोपचा माणूस."

"हो."

"बरं." तो उठला, लाकडी जोडे पायात सरकवले आणि वारा नसतानाही पात्यांची पाहणी करायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

ती निघाली तेव्हा अंगणात तिची सायकल उलटी करून तो चाकात हवा भरत होता. "पुढच्या चाकात दम नव्हता," एवढंच म्हणाला.

"शनिवारी त्याला घेऊन येते," लिसबेट त्याच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाली. "दुपारच्या आत."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून होती की ऐकलं म्हणून, हे तिला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. सायकल सरळ करून ती बांधाकडे निघाली.

२

शनिवारी थंडी हाडांत शिरत होती. आठवडाभर पारा शून्याच्या वर आला नव्हता आणि रात्रीच्या धुक्याने झाडं, तारा, कुंपणं सगळी पांढरी करून टाकली होती. बांधावर बस थांबली. लिसबेट आणि लांबर्ट उतरले.

लांबर्टच्या हातात फुलांची कुंडी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "तुझे वडील हाकलून देतील तेव्हा कुंडी ठेवून जायचं की परत न्यायची?"

"बाहेर ठेव. गोठली तर तेच आत घेतील."

तो हसला. ती हसली नाही. तिची नजर खाली पोल्डरवर गेली होती, समुद्राच्या पातळीखाली पसरलेल्या त्या सपाट, गोठलेल्या जमिनीवर. तिच्या मधोमध चक्की उभी होती.

"लांबर्ट, पाती बघ."

"काय झालं? उभीच आहेत."

त्याला काय कळणार होतं! पण या भागातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. चक्की थांबवताना खालचं पातं अगदी तळाशी पोचायच्या जरा आधी थांबवलं, तर ते 'येणारं' पातं: घरात बाळ आलं, लग्न ठरलं, कोणी सुखरूप परतलं. तळ ओलांडून जरा पुढे गेल्यावर थांबवलं, तर 'जाणारं': घरात मृत्यू झाला. दोन्हींत अंतर म्हणाल तर दोन हातांचं.

पातं जाणारं होतं. आणि त्या घरात एकच माणूस राहत होता.

लिसबेट धावत सुटली.

चक्कीजवळच्या कालव्याकाठी माणसं गोळा झाली होती. तिला पाहून ती बाजूला झाली, ज्या तऱ्हेने माणसं एकाच कारणासाठी बाजूला होतात. बर्फाला मोठं भगदाड पडलं होतं. योखेमला बाहेर काढून फळीवर ठेवलं होतं. अंगात रविवारचा, चर्चला घालायचा काळा कोट होता. गळ्याशी बटण लावलेलं. दाढी ताजी केलेली.

"पाती बघून आम्ही धावत आलो," कोणीतरी म्हणालं. "नाहीतर कळलंही नसतं."

मागून एक बाई पुटपुटली, पण थंडीत आवाज लांब जातो. "स्वतःच्याच नावाची पाती लावली बिचाऱ्याने. मग कोट घातला आणि गेला."

३

पोलिसांकडून आलेला हवालदार टेन हावे पूर्वेकडच्या वाळूच्या मुलखातला होता. त्याच्या गावात ना कालवा ना चक्की. स्वयंपाकघरात बसून तो लिसबेटने ओतलेली कॉफी पीत होता आणि प्रश्न विचारताना दर वेळी माफी मागत होता.

"मला एवढंच सांगा, बाई. बर्फ तर हातभर जाड दिसतोय. माणूस आत कसा गेला?"

उत्तर तिच्याऐवजी फर्शूरने दिलं. जलमंडळाचा सचिव आणि चर्चचा वडीलधारा, दोन्ही तोच. हॅट मांडीवर ठेवून तो ताठ बसला होता. "बर्फ पोकळ होता, हवालदार. बर्फ वितळायला लागला की पाणी चढेल, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी विजेचा पंप सुरू करायला सांगितलं. खालचं पाणी ओढलं गेलं. वरचा बर्फ नुसता अधांतरी राहिला. दिसायला तसाच, पण पाय ठेवला की गेला."

"असं नेहमी होतं?"

"पूर्वी नव्हतं होत," लिसबेट म्हणाली. "पाणी उपसायचं काम चक्कीच करायची, आणि कडक थंडीत वाराच नसतो. बर्फाखाली पाणी असायचंच. बाबा लहानपणापासून त्या बर्फावरून चालत आले."

"म्हणून तर नियम आहे," फर्शूर म्हणाला. "थंडीत पंप लावायचा, तर काठावरच्या प्रत्येक घरी जाऊन सांगायचं. बारेंट गेला होता. सगळ्यांना सांगितलं."

"बाबांनाही?"

"सगळ्यांना." फर्शूरने हॅट फिरवली. "लिसबेट, तुझ्या वडिलांचं आणि माझं पटत नव्हतं, हे गाव जाणतं. ईस्टरनंतर चक्कीला कुलूप लावायचा ठराव मीच मांडला. तीन वर्षांपूर्वी महापुरात वीज गेली, तेव्हा याच चक्कीने आपल्याला कोरडं केलं, हेही मी विसरलेलो नाही. पण जे दिसतंय ते दिसतंय. बर्फ पोकळ आहे हे माहीत असलेला माणूस रविवारचा कोट घालतो, पाती शोकाची लावतो आणि बर्फावर जातो. जीव देणाऱ्यासाठी चर्चची घंटा वाजत नाही; पाद्रीसाहेब विचारत होते की वाजवायची का."

टेन हावेने कप खाली ठेवला. "त्यांना कसलं दुःख होतं का, बाई? अलीकडे काही घडलं?"

खिडकीशी उभा असलेला लांबर्ट वळला. लिसबेटने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी त्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली, "की कॅथलिक माणसाशी लग्न करतेय."

फर्शूरने मांडीवरची हॅट उचलली. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती.

४

ती बाहेर आली ती केवळ आत श्वास घेता येईना म्हणून. लांबर्ट मागोमाग आला, पण जरा अंतर ठेवून.

"मी परत जाऊ का, लीस? आत्ता माझं इथे असणं..."

"तू गेलास तर तेच खरं ठरेल."

"आणि तेच खरं असलं तर?"

 तसं असेल तर या माणसाबरोबर एका टेबलाशी बसून आपण कधीतरी जेवू शकू का, हा प्रश्न तिने अजून विचारला नव्हता. तो विचारून झाला असता, तर लग्न तिथेच मोडलं असतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

ती चक्कीच्या पुढच्या बाजूला गेली. वर चारही पाती पांढरीफटक, रात्रीच्या धुक्याने जाळीच्या एकेका काडीवर बोटभर हिम चढवलेलं. कालव्याकाठी माणसांनी तुडवून चिखल केला होता, पण पात्यांखालची जमीन कोरी होती. थांबलेल्या पात्यांखालूनही इथलं कोणी चालत नाही; चालायला लागल्या दिवसापासून पोरांना हाच धाक घातलेला असतो.

त्या कोऱ्या जमिनीवर, खालच्या पात्याच्या टोकाखाली, हिमाच्या थोड्या काड्या पडल्या होत्या.

आणि त्याच्या अलीकडे, दोन हातांवर, आणखी एक ढीग होता. चांगला मोठा.

"हवालदार!" ती ओरडली. मग स्वतःच्याच आवाजाने दचकली.

टेन हावे टोपी सावरत आला. "काय झालं?"

"पुढे जाऊ नका. इथूनच बघा. पातं ब्रेक लावून थांबवलं की हिसका बसतो आणि त्यावरचं हिम झडतं. पातं जिथे थांबलं, त्याच्या बरोबर खाली."

"बरं?"

"ढीग दोन आहेत. म्हणजे पाती आज दोनदा थांबवली. आधी तिथे, जिथे जास्त हिम झडलं. मग ब्रेक क्षणभर सोडून इथे."

टेन हावेने दोन्ही जागा बोटाने मोजल्यासारख्या दाखवल्या. "आधीची जागा म्हणजे काय झाली?"

लिसबेटने वर पात्याकडे पाहिलं. "येणारं पातं. आनंदाचं."

"मग तुमच्या वडिलांनी आधी आनंदाचं लावून मग बदललं?"

"किंवा त्यांनी आनंदाचं लावलं. आणि दुसऱ्या कोणीतरी बदललं."

हवालदाराने हळूच शीळ घातली. "कोणाला येतं हे काम?"

"ब्रेकचा दोर बाहेरूनच ओढायचा असतो, पण पातं हवं तिथे थांबवायला हात तयार लागतो. या गावात तिघांचा होता. एक बाबा. एक मी, आणि मी बसमध्ये होते."

"आणि तिसरा?"

"बारेंट. पंपघरातला. वयात आल्यापासून बाबांच्या हाताखाली होता. वीज आली तेव्हा सोडून गेला. त्यानंतर बाबा त्याच्याशी बोलले नाहीत."

टेन हावे निघालाच होता. तिने त्याची बाही धरली. "थांबा. आधी मला बाबांनी आनंदाचं पातं का लावलं, ते कळायला हवं. माझं म्हणणं नुसतं हिमावर टिकणार नाही. ते उद्या वितळेल."

५

नेलामावशी कालव्यापलीकडे राहायची. मधे उंच वेताचं रान होतं. तिच्या खिडकीतून कालवा दिसत नसे, चक्कीची पाती मात्र दिसत. लिसबेट आणि टेन हावे बांधावरून वळसा घालून तिच्याकडे गेले. म्हातारीने दार उघडलं आणि लिसबेटला पाहताच पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला.

"ये पोरी. मीच येणार होते, पण पाय उचलेना."

स्वयंपाकघरात लोण्याचा, भाजलेल्या साखरेचा वास भरून राहिला होता. टेबलावर फडक्याखाली काहीतरी झाकलं होतं. लिसबेट बसली नाही.

"मावशी, सकाळी पाती बघितलीस?"

"बघितली की. जाणारं पातं."

"त्याच्या आधी? उजाडताना?"

नेलामावशी चष्मा पुसायला लागली. बराच वेळ पुसत राहिली.

"आजी," टेन हावे म्हणाला, "काच झिजेल."

"तुम्ही मधे बोलू नका हो, पाहुणे." मग लिसबेटकडे वळून, "मला वाटलं डोळे फसवतायत. उजाडताना मला येणारं पातं दिसलं होतं. मी म्हटलं, बघा, म्हाताऱ्याने आपला शब्द पाळला. मग पुन्हा बघते तर जाणारं! मला वाटलं, त्याचं मन फिरलं. तेही माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे?"

म्हातारीने फडकं उचललं. खाली लोण्याचा केक होता, वर काट्याने ओढलेल्या तिरप्या रेघा. एकही तुकडा कापलेला नव्हता.

"बुधवारी आला होता. दारात उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, नेला, शनिवारी पाहुणा येतोय, केक करून दे, सकाळी येऊन नेतो. मी म्हटलं, कोण पाहुणा? म्हणाला, लीसचा माणूस. दक्षिणेकडचा. पण गावात बोलू नकोस, योखेम कोइमान पोपवाल्यासाठी केक करवून घेतो म्हणून फर्शूर मला प्रार्थनेत ओरडून दाखवेल!" ती हसली आणि त्याच हसण्यात रडली. "मी त्याला चिडवलं. म्हटलं, काय रे, तीन पिढ्या ज्यांच्या पावाला शिवला नाहीस, त्यांना माझा केक? तर म्हणाला, पाव वेगळा, जावई वेगळा. येणारं पातं लावणार आहे, बांधावरूनच दिसायला हवं त्याला."

लिसबेटने खुर्चीची पाठ धरली.

"मग तू कोणाला का नाही सांगितलंस?"

"कशी सांगू? मी सकाळभर वाट बघत बसले. तो आलाच नाही. मग कळलं की बर्फावर गेला. पोरी, बर्फ पोकळ आहे हे त्याला माहीत होतं ना! बारेंट शुक्रवारी मला दारात सांगून गेला, तसा त्यालाही सांगूनच गेला असणार. मी समजले, केक-बिक सगळं वरवरचं होतं, आतून त्याला झेपलं नाही. हे तुला काय म्हणून सांगू? जन्मभर तुझ्या उरावर बसलं असतं."

टेन हावेने टोपी काढून हातात घेतली होती. "आजी, बारेंट कोइमानांकडेही गेला, हे तुम्ही पाहिलंत?"

"वेतातून काय दिसणार?"

"ऐकलंत?"

"नाही." मग म्हातारी थांबली. तिचा पुसलेला चष्मा हातातच राहिला. "नाही ऐकलं."

लिसबेट तिच्याकडे बघत होती. दोघींच्या मनात एकाच वेळी तेच आलं. योखेमला काही सांगायचं म्हणजे अर्ध्या पोल्डरला ऐकू जायचं. गेल्या रविवारी तिने ओरडून म्हटलेलं 'लग्न!'सुद्धा कालव्यापलीकडे पोचलं असणार.

६

पंपघर उबदार होतं. हिरव्या रंगाचं यंत्र एका सुरात घुमत होतं आणि त्याच्याशेजारी बारेंट तेलाच्या चिंधीने आधीच स्वच्छ असलेली नळी पुसत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. फर्शूरही तिथेच होता. लिसबेटनेच त्याला बोलावलं होतं.

"बारेंट," ती म्हणाली, "बाबांना तू कधी सांगितलंस?"

"शुक्रवारी संध्याकाळी. बाकीच्यांना सांगितलं तेव्हाच."

"घरी होते?"

"खुर्चीत बसले होते. जागेवरच."

"आणि तू?"

"दारात. आत कशाला जाऊ? आमचं बोलणं नव्हतं, तुला माहीतच आहे."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, पंप लावतोय, बर्फावर जाऊ नका. एवढंच. डोळा लागल्यासारखा वाटला, म्हणून हळूच म्हटलं. त्यांनी मान हलवली."

यंत्र घुमत राहिलं.  फर्शूर लिसबेटकडून बारेंटकडे, बारेंटकडून तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळायला क्षणभर लागला, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

टेन हावेला मात्र काहीच कळलं नव्हतं. "म्हणजे सांगितलं होतं तर?"

"दाराच्या बाजूला बाबांचा डावा कान असतो," लिसबेट म्हणाली. "त्या कानाशी तोफ उडवली तरी ऐकू येणार नाही. बारेंटला हे माझ्याइतकंच माहीत आहे. त्यांच्या हाताखाली होता, तेव्हा दिवसभर उजवीकडे जाऊन ओरडायचा. दारात उभं राहून हळूच बोलला, असं तो कधीच म्हणाला नसता, खरंच बोलला असता तर. बाबांना काही माहीतच नव्हतं; कोट घालून ते नेहमीसारखे बर्फावरून नेलामावशीकडे, पाहुण्यासाठी केलेला केक आणायला निघाले होते."

बारेंटने चिंधी खाली ठेवली. मग ती पुन्हा उचलली, कारण हातांना काही तरी हवं होतं.

"दारापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. आवाज यंत्राखाली दबला जात होता. "खरंच गेलो होतो, लीस. हात वर केला ठोकायला. आत गेलो असतो, तर ओरडावं लागलं असतं. त्यांच्यावर ओरडायचं, इतकी वर्षं तोंड न दाखवता, आणि तेही पंपाबद्दल? मला धीर झाला नाही. म्हटलं, सकाळी येऊ. म्हातारा उठून कुठे जातोय एवढ्या थंडीत!"

"सकाळी गेलास."

"गेलो. बर्फ फुटलेला. टोपी तरंगत होती. मी काठी घालून बघितलं, हात घातला खांद्यापर्यंत, हाताला लागले, पण ओढता येईनात. गार पडले होते. संपलं होतं." तो थांबला. "मग वर बघितलं, तर येणारं पातं. आनंदाचं! त्यांच्या प्रेतावर आनंदाची खूण! ते मला बघवेना. कशाचा आनंद, मला काय माहीत? मला वाटलं, कोणाला हाक मारायची हिंमत तर माझ्यात नाही, निदान पातं तरी खरं बोलू दे. दोर ओढून ब्रेक उचलला, पहाटेची झुळूक होती, तिच्यावर दोन हात पुढे जाऊ दिलं. ते बघून लोक येतील, त्यांना काढतील. आणि मी पळालो."

"आणि मग गाव म्हणायला लागलं की त्यांनी जीव दिला," टेन हावे म्हणाला, "तेव्हाही गप्प बसलास."

 बारेंट रडत नव्हता; नुसता उभा होता, पावसात उभ्या राहिलेल्या बैलासारखा.

फर्शूर उठला. हॅट डोक्यावर ठेवायला गेला आणि ठेवली नाही. "हुकूम माझा होता," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगून झालं का, हे मीही विचारलं नाही." मग लिसबेटला, तिच्याकडे न बघता, "घंटा वाजेल. पाद्रीसाहेबांशी मी बोलतो."

लिसबेटला वाटलं होतं की या क्षणी तिला बारेंटचा राग येईल. आलाही, पण तो छातीत फार काळ टिकला नाही, कारण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं. इतका वेळ दाराशी थांबलेला लांबर्ट पुढे झाला. त्याने तिला धरलं, फर्शूरच्या देखत, आणि तिने धरू दिलं.

७

टेन हावे बारेंटला घेऊन गेला, तो काय गुन्हा नोंदवायचा हे वाटेतच ठरवणार होता. जाण्याआधी बारेंट चक्कीपाशी थांबला.

"लीस, पातं परत मागे घेऊ? त्यांनी लावलं होतं तसं? मला जमेल. तू म्हणशील तर."

ती वर बघत राहिली. उन्हाचा एक फिकट पट्टा ढगांतून निसटला होता आणि पात्यावरचं हिम थेंबाथेंबाने गळायला लागलं होतं.

"नको," ती म्हणाली. "बाबा गेलेत. ते बरोबर आहे."

तो मान खाली घालून निघून गेला. लांबर्ट जरा दूर थांबला. नेलामावशीने बांधावरून फिरून आणलेला केक स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. कोणीतरी तो कापणार होतं, कोणीतरी कॉफी करणार होतं, गावातली माणसं यायला लागणार होती. काळे कपडे, पाय शेकायला गरम विटा, खुर्च्या शेजारून आणाव्या लागतील. करायला पुष्कळ होतं.

लिसबेट पुढे झाली. लहानपणापासून जिथे पाऊल टाकायची मनाई होती, त्या पात्यांखालच्या जमिनीवर जाऊन उभी राहिली. हिमाचे दोन्ही ढीग आता नुसते ओले डाग झाले होते.

आठवडाभर तिने बापाला काय काय सांगायचं ते मनात रचलं होतं: लांबर्ट चांगला आहे, मुलांचं कसं करायचं ते आम्ही ठरवलंय, तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी मला राग नाही. बसमध्ये, बांधावर, शेवटपर्यंत ती रचतच होती. त्या सगळ्याच्या खाली एकच वाक्य होतं आणि ते तिने स्वतःलासुद्धा कधी ऐकू दिलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं आणि ते मोठ्याने, अगदी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं:

"बाबा, तुमच्याशिवाय मला लग्न करायचं नव्हतं."